वेस आणि शीव : नकाशात कुठे काय लिहावे?

आठवणीवरून आपल्या गावाचा नकाशा काढायला बसलेल्या एका वाचकाने विचारले आहे की, 'वेस' आणि 'शीव' हे एकाच अर्थाचे शब्द आहेत का, आणि नसतील तर कोणता शब्द कुठे लिहावा. हे शब्द एकाच अर्थाचे नाहीत. वेस म्हणजे गावात शिरण्याचा दरवाजा, आणि तो पडून गेला असला तरी त्याची जागा. शीव म्हणजे आपल्या गावची जमीन संपून शेजारच्या गावची सुरू होते ती कड. दोहोंच्या मध्ये सगळे शिवार असते, म्हणून वेशीतून निघालेल्या माणसाला शीव गाठायला बरेच चालावे लागते.

'शीव' हे संस्कृत 'सीमा'चेच मराठीत रुळलेले रूप आहे. 'ग्राम'चे गाव आणि 'नाम'चे नाव होताना जो म-चा व झाला, तोच इथे झाला आहे. 'सीवन'वरून शिवण होताना जसा स-चा श झाला, तसा तोही झाला आहे. मुंबईतल्या शीव या ठिकाणाचे नाव याच शब्दाचे. लग्नातले सीमांतपूजन आता कार्यालयातच उरकते, पण नवरदेवाचे स्वागत मुळात शिवेवर होत असे, हे त्या नावातच राहिले आहे. (लिहिताना मात्र 'वीट, विटेवर' याप्रमाणे 'शीव, शिवेवर' असे ऱ्हस्व रूप करावे.)

लातूर जिल्ह्यात, मांजरेकाठी माझ्या आजीचे गाव. तिला अक्षरओळख नव्हती, पण गावाच्या चारही शिवा पाठ होत्या: एकीकडे ओढ्यातला काळा दगड, दुसरीकडे जोड बाभळी. येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, गाव ओस पडून शिवार माणसांनी भरून जाई, तेव्हा आमच्या खोपीजवळ उभी राहून ती दूरची एक खोप दाखवी आणि म्हणे, "ती शिवेपल्याडची, आपली नव्हं." मला तिथे कुठलीच रेघ दिसत नसे, सलग ज्वारी दिसे, तिला मात्र ती दिसत होती, याबद्दल मला आजही शंका नाही.

मराठवाड्यात याच कुळातले आणखी शब्द नित्य वापरात आहेत आणि त्यांची सरमिसळ करू नये. दोन शेतांमधला तो बांध, आणि परभणी-हिंगोलीकडे धुरा. पोलीस ठाण्याची असते ती हद्द, हा शब्द अरबीतून आलेला. राज्याची आणि देशाची ती सीमा. शीव फक्त गावाची.

भूमी अभिलेख कार्यालयातून मिळणाऱ्या गावनकाशात शीव आणि गट नंबर असतात, वेस नसते, कारण तो नकाशा जमिनीचा असतो. आठवणीतल्या नकाशात दोन्ही हवीत. गावठाणाच्या तोंडाशी, जिथून गुरे बाहेर पडत, तिथे 'वेस' लिहावे; सगळ्या शेतांना वळसा घालून जाणाऱ्या रेघेवर 'शीव' लिहावे. आणि वाचकाने पत्रात 'आमचे शेत वेशीवर आहे' असे जे लिहिले आहे, त्या शेताला पलीकडच्या गावचे शेत लागून असेल, तर तिथे 'शिवेवर' असाच बदल करावा.