वर्षअखेरीच्या यादीबद्दल

फोंडा, डिसेंबर

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. यंदाच्या आवडत्या दहा अल्बमांची तुझी यादी मिळाली. त्यांतले पाच मी गेल्या आठवड्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकले. तुझा कान चांगला आहे, या विश्वासानेच पुढचे लिहीत आहे.

यादीतले सात अल्बम ऑक्टोबरनंतर निघालेले आहेत. वर्षाचे पहिले नऊ महिने एवढे कोरडे गेले असतील, असे मला वाटत नाही. पाऊस लागला त्या आठवड्यात तू रात्री फोन करून सारंगीच्या एका अल्बमविषयी अर्धा तास बोलली होतीस. तो यादीत नाही. पुढे तो तुला नावडला असेल तर तक्रार नाही, पण तो नुसता विसरला गेला असेल तर त्या कलावंतावर अन्याय झाला. म्हणून एक वही ठेव, ऐकले त्या दिवसाची तारीख आणि दोन ओळी लिही, आणि डिसेंबरात पाहा की वेगवेगळ्या महिन्यांत कोणते नाव पुन्हा पुन्हा आले आहे.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. तू पुष्कळदा अल्बममधली दोन-तीन गाणी निवडून ऐकतेस आणि मत मात्र सबंध अल्बमवर देतेस. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काबरा यांची 1967 ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका आठव. काश्मीरच्या खोऱ्यातल्या एका मेंढपाळाचा दिवस तिच्यात अहिरभैरव रागापासून सुरू होतो आणि पिलू, भूप, देस अशा वाटेने पहाडीपर्यंत येतो. क्रम मोडला की तो दिवसच मोडतो. आपल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी 1977 मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत अंतराळात गेली, ती जेमतेम साडेतीन मिनिटांची आहे. मिनिटाला 78 फेऱ्या घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूला साधारण तेवढाच वेळ मिळे, आणि त्या काळच्या गायकांना रागाचे रूप तेवढ्यातच उभे करावे लागे. 1948 मध्ये एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी तबकडी, आली आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटे मिळू लागली. आज अशी मर्यादाच उरलेली नाही, म्हणून ऐंशी मिनिटांचा अल्बम समोर आला की त्यातले प्रत्येक मिनिट गरजेचे आहे का, हे ऐकणाऱ्यानेच तपासावे लागते. तुझा तिसऱ्या क्रमांकाचा अल्बम माझ्या मते अर्ध्या तासाचा व्हायला हवा होता. तो सलग ऐकून तुला तसे वाटले नाही, तर मला अवश्य खोडून काढ.

‘आत्म्याला भिडणारा’ हा शब्द तू चार अल्बमांसाठी वापरला आहेस. त्याऐवजी काय ऐकू आले ते लिही. सातव्या क्रमांकावर तू घुमट हे आपले गोव्याचे तालवाद्य असलेला अल्बम घेतला आहेस, आणि चवथीच्या आरत्यांत लहानपणापासून घुमट ऐकणाऱ्या तुझ्याकडून मला इथे खूप अपेक्षा होती. मातीच्या त्या भांड्यावर पूर्वी घोरपडीचे कातडे असे, आता वन्यजीव कायद्यामुळे बकरीचे असते, आणि जुने वाजवणारे नादातला फरक सांगतात. या अल्बममधला घुमट कसा बोलतो? त्याच्या मोकळ्या तोंडावरचा हात आवाज दाबतो-सोडतो ते ऐकू येते, की ध्वनिमिश्रणात तो इतका मागे गेला आहे की कुठलाही ढोल चालला असता? हे तुझ्याइतके नेमके सांगू शकणारे फार थोडे आहेत, म्हणून तू ते लिहिलेच पाहिजेस.

दहाचा आकडा भरलाच पाहिजे असे नाही. मनापासूनचे सहाच निघाले तर सहाच पाठव. जानेवारीत एखाद्या रविवारी इकडे ये आणि सारंगीचा तो अल्बम आण. संध्याकाळी फोन बाजूला ठेवून आपण तो सलग ऐकू.

तुझा,
काका