अप्परबरोबर फॉग लॅम्प चालू ठेवता येतील का?

प्रश्न : नमस्कार काका. माझी पिकअप आहे. नारायणगावच्या मार्केटमधून टोमॅटो भरून आठवड्यातून चार रात्री माळशेजमार्गे कल्याणला जातो. गाडी घेतल्यावर बंपरमधल्या जागेत फॉग लॅम्प बसवून घेतले. ते डिपरवर, म्हणजे हेडलाइटच्या जवळच्या झोतावर, छान लागतात, पण अप्पर, म्हणजे लांबचा झोत, मारला की विझतात. घाटातल्या वळणावर अप्परचा उजेड लांब पडतो आणि जवळची कड दिसतच नाही. आमच्या इथला एक वायरमन म्हणतो, हेडलाइटच्या होल्डरमध्ये अप्पर आणि डिपरच्या वायरी एका तुकड्याने जोडू, म्हणजे सगळंच एकदम लागेल, दहा मिनिटांचं काम आहे. करून घेऊ का? — एक वाचक, ओतूर

उत्तर : नका करून घेऊ. पत्र वाचल्या वाचल्या आधी हे एवढंच लिहिलं, बाकीचं सावकाश सांगतो.

तुमच्या हेडलाइटमध्ये बहुतेक एच-फोर बल्ब असेल. पाठीमागे तीन पाती असतात : एक अर्थ (गाडीच्या बॉडीला, म्हणजे बॅटरीच्या मायनसला जाणारी), एक डिपर, एक अप्पर. काचेच्या आत दोन वेगळ्या तारा असतात, डिपरची ५५ वॉटची आणि अप्परची ६०. त्या आळीपाळीने जळायच्या हिशोबाने बल्ब, होल्डर आणि वायर बनवलेली असते. दोन्ही एकदम पेटवल्या की एका बल्बमध्ये ११५ वॉट होतात, दोन्ही दिव्यांचे मिळून २३०. बारा व्होल्टवर हा जवळजवळ १९ अँपिअरचा भार झाला आणि तो सगळा स्टिअरिंगखालच्या त्या छोट्या स्विचमधून जाणार. पास देताना दोन्ही तारा क्षणभर पेटतात ते चालतं. ओतूर ते मुरबाड नाही चालत.

दुसरी गोष्ट त्याहून वाईट आहे. दोन वायरी तुकड्याने जोडल्या की स्विच कुठेही असो, दोन्ही तारा जळणारच. म्हणजे समोरून एसटी आली, तुम्ही भलेपणाने डिपर मारला, तरी तुमचा अप्पर तिच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांत तसाच राहणार. मी एकवीस वर्षं एसटीच्या कार्यशाळेत वायरिंग केलं. रात्रपाळीचे चालक पहाटे डेपोत उतरून डोळे चोळत बाकावर बसलेले रोज पाहिलेत. त्यामुळे या बाबतीत मी कुणाचंच ऐकून घेत नाही.

मागच्या पावसाळ्यात असाच तुकडा टाकलेली एक पिकअप माझ्या गॅरेजला ओढून आणली होती. घाटातच दोन्ही हेडलाइट गेले होते. होल्डर ओढला तर येईना, बल्बच्या पात्यांना वितळून चिकटलेला. पकडीने काढला तेव्हा प्लॅस्टिकचा ओघळ मेणबत्तीसारखा खाली आलेला, पितळी कड्या काळ्यानिळ्या पडलेल्या. बल्बच्या काचेला एका बाजूला फोड आलेला आणि रिफ्लेक्टरचा चंदेरी मुलामा बल्बच्या वर काजळी धरावी तसा करपलेला. मालकाने एका वायरीच्या तुकड्यापायी दोन्ही हेडलाइट नवे घेतले. तो होल्डर मी फेकला नाही, माझ्या टेबलाच्या खणात आहे. कुणी असं काम सांगायला आलं की आधी तो हातात देतो.

आता तुमचं खरं काम. फॉग लॅम्प अप्परला विझतात, कारण ज्याने बसवले त्याने रिलेचा (छोट्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) इशारा डिपरच्या वायरीवरून घेतला आहे. अप्पर मारला की डिपरची वायर मरते, रिले सुटतो, फॉग जातात. हा इशारा डिपरवरून काढून पार्किंग लाइटच्या वायरीवर घ्या आणि मध्ये डॅशबोर्डवर एक वेगळा स्विच द्या. पार्किंग चालू असली की फॉग तुमच्या हातात, मग हेडलाइट डिपरवर असो नाहीतर अप्परवर. होल्डरला हात लावायची गरजच नाही.

रिलेवर आकडे कोरलेले असतात. ३० वर बॅटरीचा प्लस, ८७ वरून फॉग लॅम्पला वायर, ८६ वर स्विचमधून आलेला पार्किंगचा इशारा आणि ८५ अर्थला. पाच पायांचा रिले मिळाला तर मधला ८७-ए मोकळा सोडून टेप मारा. कारण रिले बंद असताना त्याच्यावर करंट असतो. इशाऱ्याच्या वायरीतून जेमतेम दीडशे-दोनशे मिलिअँपिअर जातात, त्यामुळे पार्किंगच्या मूळ वायरीवर ताण येत नाही. दिव्यांचा सगळा भार थेट बॅटरीवरून. ५५ वॉटचे दोन दिवे म्हणजे सव्वानऊ अँपिअरच्या आसपास, त्याला अडीच चौरस मिलिमीटरची वायर आणि १५ अँपिअरचा फ्यूज, निळ्या रंगाचा असतो तो. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर हवा. केबिनमध्ये फ्यूज ठेवला तर बॅटरी ते केबिन ही सगळी वायर फ्यूजविनाच राहिली, बॉडीला घासली की आग. आणि रिले घेताना १२ व्होल्टचाच मागा. आळेफाट्याच्या दुकानांत ट्रकचे २४ व्होल्टचे त्याच डब्यात पडलेले असतात, दिसायला सारखेच. तो लावला की नुसती टिकटिकही येत नाही आणि माणूस दिवसभर वायरिंग शोधत बसतो.

जोड सोल्डर करा किंवा लग (वायरीच्या टोकाची धातूची टोपी) दाबून वर स्लीव्ह, म्हणजे प्लॅस्टिकची नळी, चढवा. वायरीवर नुसतं चिमटून बसणाऱ्या क्लिपा मिळतात, त्यांच्या पात्याने तांब्याचे चार धागे तुटतात आणि माळशेजचं पाणी तिथूनच आत शिरतं. तुमची गाडी अलीकडची असेल आणि दिवे कंट्रोल युनिटवरून चालत असतील, तर मूळ वायर सोलायच्या आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फॉग लॅम्पचा तयार हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, मिळतो का ते विचारा. बऱ्याचदा बंपरच्या मागे त्याचा सॉकेट आधीच दिलेला असतो.

पण मला तुमच्या पत्रातलं एक वाक्य खटकलं. अप्परवर जवळची कड 'दिसतच नाही' म्हणता, म्हणजे हेडलाइटच मंद झाले असतील का? इंजिन चालू ठेवून मीटरने बॅटरीवर व्होल्ट बघा, मग हेडलाइट लावून होल्डरच्या पात्यांवर बघा. माझ्याकडच्या एका जुन्या गाडीत बॅटरीवर १४ होते आणि होल्डरवर १२.३. एवढासा फरक वाटतो, पण दहा टक्के व्होल्ट कमी झाले की अशा हॅलोजन बल्बचा उजेड तीसेक टक्क्यांनी कमी होतो. त्या गाडीत फक्त रेडिएटरशेजारचा अर्थचा बोल्ट गंजला होता. पॉलिश पेपर मारला, ग्रीस लावून आवळला, झालं. खर्च शून्य. आधी हे करा, मग फॉगकडे वळा.

शिवाय माल भरला की मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) बसतात, गाडीचं नाक वर येतं आणि डिपरसुद्धा झाडांच्या शेंड्यांवर पडतो. डॅशबोर्डवर लाइटची लेव्हल करायचं चक्र असेल तर क्रेट भरल्यावर ते खाली करा. नसेल तर भरलेली गाडी सपाट जागी भिंतीसमोर उभी करून स्क्रूवर लेव्हल करून घ्या. तुमचा निम्मा रस्ता तिथेच सापडेल.

आषाढात घाटात ढग उतरला की मात्र अप्पर लावूच नका. पाण्याचे कण तोच उजेड उलटा तुमच्या डोळ्यांवर फेकतात, समोर पांढरी भिंत. तेव्हा डिपर आणि फॉग, बस्स. आणि टपावर पांढऱ्या एलईडीची पट्टी लावायचा मोह कुणी घातला तर ऐकू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मनासारखे बदल करू देत नाही आणि कलम १८२-अ मध्ये दर बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. तुमचे फॉग कंपनीने दिलेल्या जागेत आहेत ते चांगलं, खाली असलेलाच दिवा धुक्याखालून रस्ता दाखवतो.

प्रश्न : मार्केटला पहाटे माल उतरवायला हौद्यात १८ वॉटचा एलईडी लावलाय, रिव्हर्सच्या वायरीवर आणि वेगळ्या स्विचवरही. पण स्विच दाबला की रिव्हर्सचे दिवेही लागतात. — एक वाचक, शिरूर

उत्तर : स्विचचा करंट रिव्हर्सच्या वायरीतून उलटा जातोय. मागचा गाडीवाला समजतो तुम्ही मागे येताय, आणि हमाल त्याच वेळी मागे उभे असतात. रिव्हर्सच्या वायरीपासून एलईडीकडे जाणाऱ्या तुकड्यात तीन अँपिअरचा एक डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा तुकडा) घाला, १एन५४०८ म्हणून मागा, पाच-दहा रुपयांत मिळतो. चंदेरी पट्टा एलईडीच्या बाजूला. वरून स्लीव्ह चढवा. आणि गाडी हलवायच्या आधी तो स्विच बंद झालाय हे दिसावं म्हणून लाल इंडिकेटर असलेलाच स्विच बसवा.