मे महिन्यातलं गणपतीपुळे आणि भरतीचा हिशेब

प्रश्न : ताई, मेच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही सोलापूरहून गाडीने गणपतीपुळ्याला यायचं म्हणतोय. बरोबर दहा आणि तेरा वर्षांची मुलं आणि गुडघे दुखणाऱ्या सासूबाई. शनिवार-रविवारची खोली कुठेच मिळत नाही. पुढच्या वर्षावर ढकलावं का? आणि मुलांना समुद्रात सोडावं का?
– सौ. अ. कु., सोलापूर

उत्तर : ढकलू नका, फक्त वार बदला. सोमवारी दुपारी पोहोचा, गुरुवारी निघा. खोली मालगुंडात बघा, देऊळ तिथून अगदी जवळ आहे. मी मालगुंडची सून. बावीस वर्षं घरी पाहुणे ठेवते. शनिवारी रात्री गाडीतच झोपलेली लेकुरवाळी माणसं दर मे महिन्यात पाहते आणि जीव कळवळतो.

आता मुलांचं. पुळ्याचा किनारा दिसतो सुंदर, पण उतार अंगावर येणारा आहे. गुडघाभर पाण्यातून दोन पावलं पुढे टाकली की पाणी छातीला लागतं, आणि परतणारी लाट पायाखालची वाळूच काढून नेते. आमच्याकडे उतरलेल्या एका कुटुंबाचा मुलगा असाच बापाच्या हातातून सुटला होता. गावातल्या पोरांनी दोर टाकून त्याला बाहेर काढलं. त्याच्या आईचा तो आवाज मी विसरू शकत नाही. म्हणून हात जोडून सांगते, गुडघ्याच्या वर पाणी नको. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही नको.

भरतीची वेळ काढायला शिका. तिथीची पाऊणपट करायची, एवढंच. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण म्हणजे पावणेचार. दुपारी आणि पहाटे साधारण पावणेचारला पूर्ण भरती. अर्धापाऊण तास इकडेतिकडे होतो. पक्ष कुठलाही असो, हिशेब तोच. त्यानंतर सहा तास पाणी ओसरतं आणि माणसाला आत ओढतं. म्हणजे पंचमीला ऊन उतरल्यावर सगळी गर्दी पाण्यात शिरते, ती नेमकी ओहोटीच्या तोंडावर! त्या दिवशी मुलांना वाळूतच खेळू द्या. दशमीला भरती साडेसातला, तेव्हा संध्याकाळी पाणी चढतं असतं. पाय भिजवायला ती वेळ बरी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा लांबूनच बघा. चुकून कुणी ओढला गेलाच, तर किनाऱ्याकडे झगडत पोहू नये. किनाऱ्याला समांतर, आडवं जावं. मुलांना हे गाडीतच सांगून ठेवा.

दर्शन पहाटे उरका. प्रदक्षिणा अख्ख्या डोंगराला, साधारण एक किलोमीटरची, अनवाणी. अकरानंतर फरशी तापते. सासूबाईंना जमणार नसेल तर त्यांनी देवळातच बसून नामस्मरण करावं, देव काही रागवत नाही. संकष्टी किंवा अंगारकी येत असेल तर तो दिवस सोडून या.

एक दुपार केशवसुतांच्या स्मारकासाठी ठेवा. त्यांचं जन्मगाव मालगुंडच. तेरा वर्षांच्या लेकीला किंवा लेकाला तिथे 'तुतारी' मोठ्याने वाचायला लावा. रत्नागिरीला जायचं तर आरे-वारेच्या रस्त्याने जा, समुद्र सतत सोबत असतो.

पाण्याचं मात्र ध्यानात ठेवा. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पण जांभा दगड पाणी धरत नाही, आणि मेमध्ये विहिरी तळाला जातात. समुद्रावरून आल्यावर माणशी एक बादली पुरवा. सोलापूरकरांना पाण्याची किंमत मी काय सांगणार!

सासूबाईंसाठी घडीची खुर्ची गाडीत टाका. सहा वाजता वाळू निवते, तेव्हा ती सुरूच्या झाडांपाशी मांडा. सूर्य सातच्या सुमारास बुडतो. तेवढा तासभर त्यांच्याजवळ कुणीतरी बसा.