बत्ती कोण धरायचं

मनू,

परवा फँड्री बघून झाल्यावर तू दहा मिनिटं काहीच बोलली नाहीस आणि मी मनातल्या मनात खूश, की चला, पोरीपर्यंत पोचला सिनेमा. मग दात घासता घासता बाथरूममधून विचारलंस, "बाबा, आपण पण गणपतीत पालखी काढतो ना, तर तुमच्याकडे पूर्वी त्यात लाईट कोण धरायचं?" मी म्हटलं उशीर झालाय, झोप आता. उशीर वगैरे काही झाला नव्हता, साडेनऊ वाजले होते.

आता आइंडहोव्हनहून ऑफिसला जाताना ट्रेनमधे लिहितोय. तुला मराठी वाचायला वेळ लागतो माहितीये, आईकडून वाचून घेतलंस तरी चालेल. ती मधे मधे स्वतःची मतं घालेल, ती पण ऐक.

तो सीन बघ, जत्रेत सगळे बेभान नाचतायत, जब्या डोक्यावर बत्ती घेऊन उभा, आणि ज्या शालूवर त्याचा जीव, ती तिथेच. तुला वाटलं असेल सिनेमासाठी रचलंय. दिग्दर्शक नागराज मंजुळे करमाळ्याकडचे, आपली बार्शी तिथून काही फार लांब नाही, त्यामुळे त्यातली भाषा, बाभळी, ते ऊन, सगळं मला घरचं वाटतं. आणि बत्तीसुद्धा घरचीच. सुनीलकाकाचं लग्न १९८८ सालचं, मी दहा वर्षांचा, अंगात नवी कोरी सफारी (सफारी म्हणजे जंगलातली नाही, कपड्यांचा प्रकार होता तो, फोटो बघून हसू नकोस). वरात रात्री निघाली, पुढे बँजो, मागे घोडा, आणि दोन्ही बाजूंनी बत्त्या. बत्ती म्हणजे पेट्रोमॅक्स, खाली रॉकेलची टाकी, तिला पंप मारायचा, वर काचेत जाळी पेटते, पांढरा लख्ख उजेड आणि सारखा सूंऽऽ असा आवाज. तापते पण भयंकर, आणि किडे येतात ते वेगळंच. डोक्यावर कापडाची चुंबळ ठेवून त्यावर ती ठेवायची आणि तासन्तास चालायचं. जाळी इतकी नाजूक की जोरात हादरा बसला तर राखच.

त्या बत्तीवाल्यांत एक पोरगा माझ्याच उंचीचा होता. नाचताना कुणाचा तरी धक्का लागला, त्याच्या बत्तीची जाळी गेली, त्या बाजूला अंधार. आमच्यातलंच एक मोठं माणूस ओरडलं, "आंधळा झालास का रे?" आणि अख्खी वरात हसली. मी पण हसलो मनू, जरा जास्तच जोरात, कारण मोठे हसत होते आणि मला त्यांच्यात धरलं जावं असं वाटत होतं. बस, एवढंच. पुढे मला तो पोरगा आठवलाच नाही, कधीच नाही.

मग २०१४ ला सोलापूरला आजीबरोबर हा पिक्चर बघितला, तू दीड वर्षाची होतीस, तुला आत्याकडे ठेवलं होतं. त्या सीनला माझं तोंड कोरडं पडलं. पण त्याहून वाईट पुढे झालं. जब्याच्या घरच्यांची ती डुक्कर पकडायची धावपळ चालू होते, गावातली लोकं बघत हसतात, आणि थेटरातली पण हसायला लागली. मग शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं आणि जब्याच्या घरचे जिथल्या तिथे थांबतात, डुक्कर निघून जातं, तेव्हा आमच्या पुढच्या रांगेतले दोघं तिघं उभे राहिले आणि गोंधळून परत बसले. शेवटी तो दगड कॅमेऱ्याकडे आला तेव्हा कोणी हसलं नाही. आजी घरी येईपर्यंत फक्त रिक्षाच्या भाड्यावर बोलली.

मला वाटतं, एकटा माणूस एवढा वाईट नसतो. घोळक्यात हसणारा मनात हेच म्हणत असतो की बरं झालं, माझ्यावर नाही आलं. तुझी आई म्हणते ही पळवाट आहे. ती कपाचं सांगते.

कप असा, की मोठ्या आजीच्या परसदारी कोनाड्यात एक कान तुटलेला कप असायचा, झाडलोट करायला यायच्या त्या मावशींचा. आजी वरून चहा ओतायची, त्या पिऊन कप स्वतः विसळून पालथा घालायच्या. तिथे कुठला घोळका होता? रोज दोघीच, आणि गप्पा पण मारायच्या, त्यांच्या पोराच्या फीचे पैसे आजीनेच दिले होते. तू थंडीत घेतेस ती गोधडी मोठ्या आजीच्या त्याच हातांनी शिवलीये. ७२च्या दुष्काळात आजी रोज पन्नास भाकऱ्या थापायची ही गोष्ट तू दर दिवाळीत ऐकतेस, मीच सांगतो. कुठल्या दारातून द्यायची ते मी सांगत नाही. मला तरी कुठे आठवत होतं म्हणा.

इथे मी "तो काळच तसा होता" असं लिहिलं होतं, मग खोडलं. तो पोरगाही त्याच काळात होता की.

पण म्हणून पालखी वाईट, लेझीम वाईट असं मला म्हणायचं नाहीये हं. हलगी वाजली की मला अजून राहवत नाही, तू बघितलंयस. आपल्या मंडळाच्या पालखीला बॅटरीवरच्या एलईडी माळा असतात, कोणाला काही धरावं लागत नाही, हे उत्तर मी तुला परवाच देऊन मोकळा झालो असतो. पण तू "तुमच्याकडे पूर्वी" म्हणालीस ना.

काल आत्याला फोन करून विचारलं, तो पोरगा कोणाचा होता. तिला वरातीत काय झालं तेच आठवेना, माझी सफारी तेवढी आठवली. सुनीलकाकाने अल्बममधले फोटो व्हॉट्सॲपवर पाठवलेत. एकात मी दोन्ही हात वर करून नाचतोय, मागे बत्तीचा पांढरा फटक डाग, फोटोत त्याने सगळं खाऊन टाकलंय, खाली एक कोपर दिसतं. तुला पाठवतो.

शनिवारी लेझीमची प्रॅक्टिस अकराला आहे. जायचं नसेल तर सांग, मी त्या काकूंना कळवतो.

बाबा