यंत्रसामग्री पाहून वैद्यकीय महाविद्यालय निवडावे का?

सप्रेम नमस्कार.

आपल्या मुलीला दोन वैद्यकीय महाविद्यालयांत प्रवेश मिळू शकतो. त्यांपैकी एकाकडे आभासी शवविच्छेदनाचे टेबल, व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर लावून आभासी दृश्य पाहण्याचे साधन) आणि सिम्युलेशन लॅब (रुग्णाऐवजी पुतळ्यांवर व यंत्रांवर सराव करण्याची प्रयोगशाळा) आहे, दुसऱ्याकडे यातले फारसे काही नाही. तेव्हा पहिलेच निवडावे का, असे आपण विचारले आहे. केवळ यंत्रांच्या भरवशावर निवडू नये, असे माझे मत आहे. विद्यार्थ्याचा हात त्या यंत्राला किती वेळा लागतो आणि चुकल्यावर त्याला कोण सांगते, हे पाहावे.

सीपीआरचेच, म्हणजे हृदय थांबल्यावर छाती दाबून करायच्या तातडीच्या उपचाराचेच, उदाहरण घ्या. प्रौढ रुग्णाच्या छातीवर मिनिटाला 100 ते 120 या गतीने, किमान 5 सेंटिमीटर पण 6 पेक्षा अधिक नाही, असा दाब द्यायचा असतो. हे पाठ व्हायला वेळ लागत नाही. पण सेन्सर बसवलेल्या मॅनिकिनवर (सरावाच्या मानवी पुतळ्यावर) प्रत्यक्ष दाब देऊ लागले की दोन मिनिटांत दमछाक होते, दाब उथळ पडू लागतो, छाती पूर्ण वर येण्याआधीच पुढचा दाब दिला जातो आणि हे सारे पडद्यावर तत्काळ दिसते. मात्र अख्ख्या तुकडीने भोवती उभे राहून केवळ प्रात्यक्षिक पाहायचे असेल, तर तेच मॅनिकिन शोभेपुरते उरते. म्हणून एका मॅनिकिनमागे किती विद्यार्थी असतात, लॅब तासांव्यतिरिक्त उघडी असते का आणि सरावानंतर शिक्षक चुकांवर चर्चा करतात का, हे तिथल्या वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना विचारावे. माहितीपुस्तिकेत ते सापडणार नाही.

आभासी टेबलावर शरीराचे थर हवे तितक्या वेळा उलगडता येतात आणि सीटी स्कॅनशी ताडूनही पाहता येतात. पण ऊतींचा पोत बोटांनाच कळतो. टेबल आले म्हणून विच्छेदनाचे तास घटवले असतील, तर माझा कल दुसऱ्या महाविद्यालयाकडे राहील.

संवादात्मक अध्यापनाला यंत्रे लागतातच असेही नाही. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाने 1969 मध्ये रुग्णाची समस्या समोर ठेवून लहान गटांत शिकवण्याची पद्धत सुरू केली, ती मुख्यतः चर्चेवरच उभी होती. अशा वर्गात मुलीला सुरुवातीला ‘इथे कोणी शिकवतच नाही’ असे वाटू शकेल. हार्वर्डमधील भौतिकशास्त्राच्या वर्गांवरील, 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात विद्यार्थी अशा तासांत अधिक शिकले होते, तरी आपण कमी शिकलो असे त्यांना वाटत होते. तेव्हा पहिल्या सत्रातील तक्रारीवरून शिकवणी लावण्याची घाई करू नये. आधी चाचण्यांचे गुण पाहावेत.