घरी आणि घरात

प्रिय मित्रा,

तुझी कविता आली त्याच रात्री वाचली, सकाळी पुन्हा वाचली. आईबाबा दोघंही गेल्यावर पहिल्यांदाच कुलूप उघडून त्या घरात शिरायचं आणि महिन्याभरात त्यावर लिहायला बसायचं, याला छाती लागते.

तरी पहिली दोन कडवी काढून टाक. त्यात भिंती बोलतात, उंबरा रडतो, घर पोरकं होतं. भिंती बोलत नाहीत रे. पोरका तू झाला आहेस. तेवढं म्हणायचा धीर होत नाही, म्हणून आपण ते घराच्या गळ्यात घालतो. मीही घातलं होतं. माझ्या त्या वेळच्या वहीत ‘आठवणी’ हा शब्द एकाच पानावर पाचदा आहे आणि आठवण एकही नाही.

तुझी खरी ओळ शेवटून तिसरी: दार जरा उचलून ढकलावं लागतं, हे हाताला अजून ठाऊक होतं. तिथे मी थांबलो. बिजागरी सैल, खालचा कोपरा फरशीला घासणारा, आणि ते उचलायची सवय त्या घरातल्या तिघांनाच. आता एकालाच. हे तू लिहिलेलं नाहीस, तरी मला ऐकू आलं. कविता इथून सुरू कर.

जपानी कवी बाशो. वडील तो लहान असतानाच गेले होते. आई गेली १६८३ साली, आणि तो गावी पोचला १६८४च्या शरदात. भावाने पुरचुंडी सोडून आईचे पांढरे केस पुढे ठेवले. त्यावरच्या हायकूत आई हा शब्द नाही, केस नाहीत, घर नाही. हातात घेतलं तर कढत आसवांनी विरघळेल असं शरदातलं हिम, एवढंच. रडू तो लपवत नाही, हेही बघ. पण त्याची आसवं काही करतात, वितळवतात. तुझी नुसती ओघळतात.

आणखी एक. तुझ्या कवितेत सगळीकडे ‘घरात गेलो’, ‘घरात फिरलो’ आलंय, बहुधा तुझ्याही नकळत. आजवर तू ‘घरी जातो’ म्हणत होतास. घरी म्हटलं की वाट बघणारं कुणीतरी आलंच. घरात म्हणायला चार भिंती पुरतात. हा शब्द कधी बदलला ते शोध. फोनवर कुणाला तरी सांगताना जीभ अडखळली असेल. तो क्षण सापडला, तर मधलं कडवं आपोआप उभं राहील.

नातलगांशी झालेली कुरबुर, कपाटं आवरताना आलेला कंटाळा, बाबांवरचा जुना राग, काहीही गाळू नकोस. छंदाचं नंतर बघू.

घाई नाही, पण पुढचा खर्डा पाठव. निघताना काय झालं ते कवितेत कुठेच नाही. बाहेरून ओढून घेतानाही ते दार उचलावं लागतं का? मला तेवढं सांग.

तुझा,
एक जुना वाचक