नवीन सुपरवायझरने 'रेझिलियंट टीम लीडरशिप'चं सर्टिफिकेशन करावं का?

तुम्ही विचारलंय की गेल्याच महिन्यात सुपरवायझर झालात, कालपर्यंत ज्यांच्या खांद्याला खांदा लावून काम केलं त्यांनाच आता कामं वाटून द्यायची आहेत, आणि अडचणीत तग धरणारी टीम घडवायला शिकवणाऱ्या या कोर्सचं माहितीपत्रक कंपनीने हातात ठेवलंय. करावा, की नुसताच कागद?

मी केलाय. पण सुपरवायझर झाल्यावर आठ महिन्यांनी, म्हणजे बरंचसं पाणी वाहून गेल्यावर.

माझी पॅकिंगची लाइन होती. दोन माणसं गैरहजर असली की मी स्वतःच बाही सरसावून उभा राहायचो. मला वाटायचं, यालाच पुढे होऊन काम करणं म्हणतात. एकदा चाळीस खोक्यांवर चुकीच्या बॅचची लेबलं लागली आणि ते मला कळलं गाडीत माल चढताना. नंतर समजलं, लाइनवरच्या दोघांच्या ते पहिल्या पाच खोक्यांतच लक्षात आलं होतं. 'मग बोलला का नाहीत?' असं विचारलं, तर एकाने खाली बघतच सांगितलं, "सर, तुम्ही घाईत होता." घाईत म्हणजे चिडलेला, हे मला बरोबर कळलं.

कोर्समध्ये हाच प्रसंग मी मांडला. प्रशिक्षकाने एकाला माझा ऑपरेटर बनवलं आणि मला त्याच्याशी बोलायला लावलं. दोन मिनिटांत थांबवून म्हणाले, "तुम्ही चार प्रश्न विचारलेत. चारही प्रश्नांत उत्तर आधीच घातलेलं होतं." मला ते फार झोंबलं. माझ्या मते कोर्सचे सगळे पैसे त्या दोन मिनिटांत वसूल झाले. बाकी स्लाइड्स, व्यक्तिमत्त्वाच्या चाचण्या, रंगीत वर्तुळं वगैरे होतंच. विसरलो.

टीम तग धरते म्हणजे टीममधली माणसं कणखर असतात असा आपला समज असतो. खरं तर वाईट बातमी तुमच्यापर्यंत किती लवकर पोचते, यावर बरंच ठरतं. टीम कशा काम करतात याचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकन संशोधक एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास केला, तेव्हा चांगल्या टीममध्ये चुका जास्त दिसल्या. त्या टीम जास्त चुकत होत्या असं नाही, तिथे चूक बोलून दाखवायची भीती कमी होती, असा त्याचा अर्थ त्यांनी लावला. १९९९ च्या शोधनिबंधात त्यांनी याच गोष्टीला, म्हणजे न घाबरता बोलता येण्याला, 'सायकॉलॉजिकल सेफ्टी' म्हटलं. कोर्सच्या अभ्यासक्रमात हा शब्द बहुधा असेलच, पण तो पाठ करून काही होत नाही.

आता कोर्स निवडायचा कसा? दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' नावाचा कार्यक्रम चालवला होता, १९४० ते १९४५. अनुभवी माणसं सैन्यात गेलेली, कारखान्यात नवखे, आणि त्यांच्यावर नवखेच सुपरवायझर. त्यातला माणसं सांभाळण्याचा भाग अवघ्या दहा तासांचा होता, दोन-दोन तासांची पाच सत्रं. पायऱ्या चारच: आधी वस्तुस्थिती गोळा करा, तोलून निर्णय घ्या, कृती करा, परिणाम तपासा. पण प्रत्येकाने आपल्याच कामावरची अडचण वर्गात आणून मांडायची, ही खरी किल्ली होती. तुमच्या कोर्समध्ये हे आहे का, ते विचारा. तुमच्या टीमबरोबर काही करून दाखवायचं आणि कुणीतरी ते बघायचं, असं नसेल तर तो कोर्स नाही, व्याख्यान आहे.

आणि हो, हजेरीचं प्रमाणपत्र वेगळं आणि सर्टिफिकेशन वेगळं. व्यक्तींना प्रमाणित करणाऱ्या संस्थांसाठी आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचं १७०२४ हे मानक आहे. त्यानुसार स्वतंत्र मूल्यमापन आणि ठरावीक काळाने नूतनीकरण लागतं. दोन दिवस बसलात की मिळालं, ते पहिल्या प्रकारातलं. तेही वाईट नाही, पण पुढच्या मुलाखतीत त्याच्यावर भिस्त ठेवू नका.

कंपनी पैसे देत असेल तर नक्की करा. खिशातून भरायचे असतील तर आधी महिनाभर एक करून बघा: शिफ्ट संपताना दहा मिनिटं उभ्या-उभ्या विचारा, काय ठरलं होतं, काय झालं, फरक का पडला, उद्या काय वेगळं करू. आणि सगळ्यात शेवटी तुम्ही बोला. माझ्याकडे पहिला आठवडा सगळे भिंतीकडे बघत होते. दुसऱ्या आठवड्यात त्याच लेबलवाल्याने हात वर केला, "सर, टेपचा रोल आज चुकीचा लागलाय, सहा खोकी गेलीत."

सहाच गेली होती.